बिनसनदी प्रोफेसर

दरवर्षी २९ जून हा दिवस सरकारी कचेऱ्यांतून सांख्यिकी दिन म्हणून पाळला जातो. २००७ सालापासून ही प्रथा पडली. भाषणे होतात, एखादा तक्ता भिंतीवर लागतो, आणि ज्यांच्या जन्मदिवसानिमित्त हे सारे चालते त्या प्रशांतचंद्र महालनोबिसांच्या तसबिरीला हार पडतो. आपल्या इंदुरातल्या जुन्या मराठी घरांतून हे नाव अगदीच अपरिचित नाही. ज्यांचे वडील-आजोबा पंचवार्षिक योजनांच्या काळात सरकारी नोकरीत होते, त्यांच्या कानांवरून ते गेलेले असणार. परंतु या गृहस्थांच्या चरित्रातली एक गोष्ट मला फार दिवस खुणावते आहे, आणि ती आकडेमोड करणाऱ्यांपेक्षा माझ्यासारख्या गाणे शिकवून पोट भरणाऱ्याला अधिक जवळची वाटावी अशी आहे. हिंदुस्थानात संख्याशास्त्रज्ञाला सनद देण्याची, म्हणजे रीतसर परीक्षा घेऊन हा मनुष्य या कामास लायक आहे असे शिक्कामोर्तब करण्याची पद्धत ज्यांनी पाडली, त्या महालनोबिसांपाशी संख्याशास्त्राची कसलीच सनद नव्हती.

त्यांचा जन्म १८९३ साली कलकत्त्यात झाला. घराणे ब्राह्मो समाजाचे. आजोबा गुरुचरण यांनी त्या काळी विधवेशी विवाह करून जनरोष पत्करला होता, तेव्हा लोक काय म्हणतील याची फारशी पर्वा न करण्याचे बाळकडू घरातच मिळालेले. प्रसिद्ध डॉक्टर नीलरतन सरकार हे त्यांचे मामा. प्रशांतचंद्र प्रेसिडेन्सी कॉलेजातून १९१२ साली पदार्थविज्ञान घेऊन पदवीधर झाले आणि पुढल्या वर्षी विलायतेस गेले. जायचे होते लंडनच्या विद्यापीठात. सहज म्हणून केंब्रिज पाहायला गेले, किंग्ज कॉलेजचे प्रार्थनामंदिर पाहून भारावले आणि परतीची शेवटची गाडी चुकली. रात्री मित्राकडे मुक्काम पडला आणि लंडनचा बेत रद्द होऊन त्यांनी केंब्रिजलाच नाव घातले. एका चुकलेल्या गाडीने एखाद्या शास्त्राचा देशातला इतिहास बदलावा, हे मोठे मौजेचे आहे.

केंब्रिजमध्ये त्यांची आणि रामानुजनांची गाठ पडली. थंडीने कुडकुडणाऱ्या रामानुजनांना बिछान्यावरच्या घोंगड्यांच्या आत शिरून झोपायचे असते हे ठाऊक नव्हते, ते वरच ओव्हरकोट पांघरून निजत. घोंगडी कशी उचलायची ते त्यांना महालनोबिसांनी दाखविले. दुसरी हकीकत कोड्याची. एका मासिकात कोडे आले होते की रस्त्यावर ओळीने घरे आहेत, एका घराच्या डावीकडल्या सर्व घरांच्या नंबरांची बेरीज उजवीकडल्या बेरजेइतकीच भरते, आणि घरे पन्नासाहून अधिक व पाचशेहून कमी आहेत, तर घर कितवे? महालनोबिसांनी खटपट करून उत्तर काढले: २८८ घरांत २०४ वे. तेच कोडे त्यांनी चुलीवर भाजी ढवळणाऱ्या रामानुजनांना वाचून दाखविले, तर त्यांनी ढवळता ढवळता असे सूत्र सांगितले की त्यात त्या एकाच रस्त्याचे नव्हे, असल्या सगळ्याच रस्त्यांचे उत्तर सामावले होते. हे रामानुजन मद्रास इलाख्यात इंटरच्या परीक्षेत नापास झालेले. परीक्षेचा कागद आणि माणसाची विद्या यांच्यात केवढी तफावत पडू शकते हे महालनोबिसांनी विशीतच डोळ्यांनी पाहिले, ही गोष्ट पुढचे चरित्र वाचताना मनात ठेवावी.

१९१५ साली शेवटची परीक्षा पहिल्या वर्गात पास होऊन ते सुटीपुरते घरी यायला निघाले. महायुद्धामुळे बोट लांबली. रिकामा वेळ कॉलेजच्या ग्रंथालयात काढत असता तिथल्या मॅकॉले नावाच्या अध्यापकांनी त्यांच्यापुढे बायोमेट्रिका या नियतकालिकाचे खंड ठेवले. कार्ल पिअर्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चालविलेले हे नियतकालिक माणसांची, प्राण्यांची मापे घेऊन त्यांवर गणित चालवी. महालनोबिसांनी उपलब्ध खंडांचा सगळा संचच विकत घेतला आणि बोटीवर वाचीत वाचीत मुंबईचा किनारा गाठला. संख्याशास्त्राचे त्यांचे शिक्षण म्हणायचे तर ते एवढेच. गुरू नाही, वर्ग नाही, परीक्षा नाही. आमच्या भाषेत सांगायचे तर गंडा न बांधता, नुसत्या ऐकीव गाण्यावर तयार झालेला हा गवई.

कलकत्त्यात प्रेसिडेन्सी कॉलेजात पदार्थविज्ञानाच्या अध्यापकाची तात्पुरती जागा मिळाली आणि त्या तात्पुरत्या जागेची तेहतीस वर्षे झाली. शेवटची तीन वर्षे तर ते तिथले प्राचार्य होते. आकड्यांचे पहिले काम आले तेही परीक्षेचेच. तत्त्वज्ञ ब्रजेंद्रनाथ सील यांनी १९१७ च्या सुमारास कलकत्ता विद्यापीठाच्या परीक्षांचे निकाल त्यांच्या हवाली केले आणि त्यांतून काय निघते ते पाहायला सांगितले. पुढे १९२० साली नागपूरला भरलेल्या सायन्स काँग्रेसमध्ये प्राणिशास्त्र खात्याचे मुख्य नेल्सन अ‍ॅनंडेल भेटले. त्यांच्यापाशी कलकत्त्यातल्या अँग्लो-इंडियन लोकांची घेतलेली शरीराची मापे पडून होती. त्या मापांतून महालनोबिसांचा १९२२ चा पहिला मोठा निबंध निघाला, आणि त्याच धाग्याने जात जात १९३६ साली त्यांनी ते माप मांडले जे आज साऱ्या जगात महालनोबिस-अंतर म्हणून ओळखले जाते.

हे अंतर म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. दोन जनसमूहांची उंची, डोके, नाक अशी दहा मापे घेतली आणि प्रत्येकातला फरक नुसता बेरजेला धरला, तर फसगत होते. उंच माणसाचा हात लांब असतोच. तेव्हा उंची आणि हात हे दोन वेगळे पुरावे धरले तर एकच गोष्ट दोनदा मोजली गेली. महालनोबिसांचे सूत्र हे परस्परसंबंध वजा करून मग अंतर काढते. गाणाऱ्यांना हे पटकन उमगावे. भूप आणि देसकार यांचे स्वर तेच पाच, म्हणून नुसते स्वर मोजणारा दोघांतले अंतर शून्य सांगेल. कोणता स्वर कोणाच्या संगतीने येतो हे पाहील त्यालाच दोन राग वेगळे दिसतील. तुलना फार ताणू नये, पण संगती पाहिल्यावाचून अंतर कळत नाही हे दोन्हीकडे खरे.

मधल्या काळात त्यांनी अलीपूरच्या वेधशाळेत हवामानाचे काम पाहिले, रवींद्रनाथांच्या विश्वभारतीची दहा वर्षे चिटणिशी केली, १९२६ साली रवींद्रनाथांबरोबर युरोपचा दौराही केला. १९२३ साली निर्मलकुमारींशी विवाह झाला. वधूपित्याचा विरोध होता, तेव्हा मामांनी पुढाकार घेऊन तो लावून दिला. ओरिसात १९२६ साली ब्राह्मणी नदीला महापूर आला, तेव्हा इंजिनिअर मंडळींनी नदीचा तळ वर आला असे ठरवून बांध काही फूट उंच करण्याचा सल्ला दिला. महालनोबिसांनी सुमारे साठ वर्षांची पाऊसपाण्याची दप्तरे उलगडली आणि तळ वर आल्याचा काही पुरावा नाही, उपाय करायचा तो वरच्या अंगाला पाणी अडवून, असे दाखवून दिले. तज्ज्ञ म्हणविणाऱ्यांची बिल्ले लावलेली समिती एकीकडे आणि हा पदार्थविज्ञानाचा मास्तर एकीकडे!

प्रेसिडेन्सी कॉलेजातल्या त्यांच्या खोलीच्या एका कोपऱ्यात काही हौशी तरुण मंडळी गोळा होऊ लागली होती. डिसेंबर १९३१ मध्ये त्या कोपऱ्याची संस्था झाली, इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट. पुढल्या एप्रिलात ती रीतसर नोंदली गेली. पहिल्या वर्षाचा खर्च अडीचशे रुपयांच्या आत होता. १९३३ साली संख्या हे नियतकालिक निघाले. योगायोग असा की, याच १९३१ साली पंडित विष्णु दिगंबर पलुसकर निवर्तले आणि त्यांच्या शिष्यांनी अहमदाबादेस अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची स्थापना केली. प्रवेशिका, मध्यमा, विशारद ही नावे आज आपल्या घराघरांतून ऐकू येतात ती या मंडळामुळे. एकाच वर्षी देशाच्या दोन टोकांना दोन संस्था निघाल्या, आणि तोवर गुरुमुखातून किंवा स्वकष्टाने मिळविलेल्या विद्येला दोघींनीही पुढे परीक्षेची चौकट दिली.

संख्याशास्त्राच्या बाबतीत या चौकटीची निकड काय होती? गवई बेसूर झाला तर समोरच्या श्रोत्याला तत्क्षणी कळते. वैद्य चुकला तर रोगी दगावतो आणि गावभर बभ्रा होतो. संख्याशास्त्रज्ञ चुकला तर काही म्हणजे काही दिसत नाही. आकडा दिसायला तितकाच सुबक, तितकाच ठाम. तो सरकारच्या अहवालात जातो, त्यावर धान्याचा साठा ठरतो, भाव ठरतो, आणि दोन वर्षांनी उपासमार झाली तर तिचा दोष पावसाच्या माथी जातो. ज्या विद्येतली चूक ऐकू येत नाही त्या विद्येला श्रोत्यांवर विसंबून चालत नाही. मैफलीत येण्यापूर्वीच पारख व्हावी लागते. १९३० नंतर सरकारी खात्यांना, ताग आणि कापसाच्या मंडळांना आकडेवाले हवे होते, आणि गणित बरे असलेला कोणीही पदवीधर स्वतःला आकडेवाला म्हणवू शकत होता.

म्हणून १९३८ पासून इन्स्टिट्यूटने परीक्षा सुरू केल्या. आकडेमोड करणाऱ्यांसाठी प्रमाणपत्र, आणि वरच्या पायरीवर संख्याशास्त्रज्ञाची पदविका. कॉम्प्युटर हा शब्द तेव्हा यंत्राचा नव्हता बरे का. हाताने गुणाकार-भागाकार करीत बसणाऱ्या माणसाचा तो हुद्दा होता, आणि त्या हुद्द्याचीही परीक्षा होती. या परीक्षांचे वैशिष्ट्य असे की त्या विद्यापीठाच्या नव्हत्या. कोणत्या कॉलेजात किती तास बसलात याची विचारपूस नव्हती. नोकरी सांभाळून, घरी अभ्यास करून बसता येई. स्वतः बोटीवर बसून शिकलेल्या माणसाने परीक्षा काढली, तीही बोटीवर बसून शिकणाऱ्यांना देता येईल अशी. याच वर्षाच्या आरंभी कलकत्त्यास पहिली भारतीय संख्याशास्त्र परिषद भरली आणि तिला अध्यक्ष म्हणून विलायतेहून खुद्द रोनाल्ड फिशर आले. म्हणजे शिक्का कोरला गेला तो त्या विद्येच्या सर्वांत मोठ्या उस्तादाच्या साक्षीने म्हणायला हरकत नाही.

कलकत्ता विद्यापीठात संख्याशास्त्राचा पदव्युत्तर विभाग उघडला तो १९४१ साली, पदविकेनंतर तीन वर्षांनी. देशातला हा असा पहिलाच विभाग, आणि त्याचे मानद प्रमुख अर्थात महालनोबिस. या विभागाच्या संदर्भात राजचंद्र बोस यांची कथा सांगितल्याखेरीज पुढे जाववत नाही. हे बोस मूळचे भूमितीचे. १९३२ च्या सुमारास महालनोबिसांनी त्यांना हेरले, वाचायच्या निबंधांची यादी हातात ठेवली आणि अर्धवेळ कामाला लावले. थोड्याच वर्षांत प्रयोगांच्या आखणीच्या शास्त्रात बोस जगभर गाजू लागले. महालनोबिसांनंतर १९४५ साली विभागाची धुरा बोसांकडे आली, तेव्हा विद्यापीठाच्या लक्षात आले की यांच्यापाशी डॉक्टरेट नाही! ज्यांचे निबंध वाचून इतर लोक डॉक्टर होत होते त्यांना स्वतः डॉक्टर होणे भाग पडले. बोसांनी छापून आलेले निबंधच एकत्र बांधून सादर केले आणि १९४७ साली त्यांना डी. लिट. मिळाली. दोन वर्षांनी ते अमेरिकेस निघून गेले. तिथे १९५९ साली ऑयलर या महागणितज्ञाचे पावणेदोनशे वर्षांचे अनुमान त्यांनी आणि श्रीखंडे यांनी मिळून खोटे पाडले. हे शरच्चंद्र श्रीखंडे आपल्याच सागरचे जन्मलेले आणि नागपुरात शिकलेले.

बोसांची हकीकत वाचताना मला माझ्या वडिलांची आठवण होते. दरबार मोडला तेव्हा ते पोरसवदा होते, आजोबांच्या मागे तंबोऱ्यावर बसत. मी त्यांच्या उतारवयातला. पुढे शहरातल्या एका शाळेत गाण्याच्या शिक्षकाची जागा निघाली, तेव्हा त्यांच्याकडे विशारदचा कागद मागण्यात आला. कागद नव्हता. जागा मिळाली ती त्यांच्याच हाताखाली तयार होऊन विशारद झालेल्या एका विद्यार्थ्याला, आणि तो बिचारा पेढे घेऊन आला तेव्हा ओशाळून दारातच उभा राहिला. वडिलांनी त्याला आत बोलावले, पण त्या दिवशी घरात तंबोरा लागला नाही. मी स्वतः आज मुलांना विशारदला बसवतो. परीक्षांवरच माझा वर्ग चालतो. तेव्हा परीक्षेला सरसकट नावे ठेवणे मला शोभणार नाही, आणि तिचे गोडवे गाणेही जमत नाही. या पेचात सापडलेल्या माणसाला महालनोबिसांच्या कामाचा पुढला भाग फार मोलाचा वाटतो.

बंगालात तागाचे पीक किती हे अजमावण्याचे काम त्यांच्याकडे १९३७ मध्ये आले. सारी शेते मोजायची तर खर्च अफाट. म्हणून चिठ्ठ्या टाकल्यासारखी थोडी शेते निवडायची, तेवढीच काटेकोर पाहायची आणि त्यांवरून सगळ्या प्रांताचा अदमास बांधायचा, अशी नमुना पाहणीची रीत त्यांनी बसविली. रीत गणिताला धरून होती. धोका माणसांचा होता. उन्हातान्हात चिखल तुडवीत शेतावर जाण्याऐवजी झाडाखाली बसून आकडा भरणारा मनुष्य प्रमाणपत्रधारीही असू शकतो. यावर महालनोबिसांनी तोड काढली ती अशी. एकाच मुलखातून शेतांचे दोन स्वतंत्र नमुने काढावयाचे आणि दोन वेगळ्या टोळ्यांना वाटून द्यावयाचे. एकीला दुसरीचे आकडे दिसता कामा नयेत. शेवटी दोघींचे निष्कर्ष शेजारी ठेवायचे. ते जुळले तर ठीक. फरक गणिताने मान्य केलेल्या मर्यादेबाहेर गेला तर कुठेतरी पाणी मुरते आहे. एका गुरूने दोन शिष्यांना एकच चीज दोन वेगळ्या खोल्यांत शिकवावी आणि महिन्याने दोघांना एकामागून एक गायला लावावे, तसलाच हा प्रकार. इथे टोळीतल्या कुणाचे प्रमाणपत्र विचारले जात नाही. पारख होते ती कामाची, आणि दर हंगामाला नव्याने होते.

परीक्षा एकदा पास झालेला मनुष्य जन्मभर पास असतो, हा परीक्षेतला मोठा दोष. महालनोबिसांच्या या दुहेरी नमुन्यात तो नाही. मला विचाराल तर त्यांच्या पदविकेपेक्षा ही युक्ती मोठी.

अर्थात त्यांचे सगळेच बरोबर होते असे नाही, आणि इथे आपल्या मराठी माणसांचा, त्यातही आपल्या इंदूरचा संबंध येतो. सातारा जिल्ह्यातल्या बुधचे पांडुरंग सुखात्मे, फर्ग्युसन कॉलेजात आणि मग लंडनला शिकलेले, संख्याशास्त्राचे रीतसर डॉक्टर, दिल्लीच्या कृषी संशोधन परिषदेत १९४० साली आले. त्यांचे सहकारी विनायक गोविंद पानसे हे आपल्याकडच्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीतले. होळकर सरकारच्या जागेवर उभी राहिलेली, खताच्या इंदूर पद्धतीमुळे जगभर नाव झालेली ही संस्था, म्हणजे आजचे आपले कृषी महाविद्यालय. सुखात्मे-पानसे एका बाजूस आणि महालनोबिस दुसऱ्या बाजूस, असा वाद १९४० नंतरच्या दशकात चांगलाच रंगला. महालनोबिस पिकाचा अंदाज घेण्यासाठी शेतातला काही फूट त्रिज्येचा लहानसा गोल कापीत. सुखात्म्यांचे म्हणणे, तुकडा पुष्कळ मोठा हवा. कारण लहान गोलाच्या कडेवरची रोपे आत धरायची की बाहेर, या घोळात कापणारा नकळत ती आत ओढतो आणि पीक वाजवीपेक्षा जास्त दिसते. त्यांनी शेतांवर प्रयोग करून हे दाखविले. दुसरा मुद्दा, काम कोणी करायचे? महालनोबिसांना आपल्या तालमीतली स्वतंत्र फिरती माणसे हवीत. सुखात्मे म्हणत की खेड्यात महसूल आणि शेतकी खात्याची माणसे आहेतच, त्यांनाच नीट शिकवून घ्यावे.

तुकड्याच्या बाबतीत सुखात्म्यांची सरशी झाली असेच म्हटले पाहिजे. देशात पीककापणीची पुढची रीत मोठ्या तुकड्याचीच रुळली. माणसांच्या बाबतीत मात्र माझे मन महालनोबिसांकडे झुकते. ज्याच्या हातात सारावसुलीचे दप्तर आहे त्याच्यासमोर शेतकरी पिकाचा आकडा कसा सांगेल, हे वाचकांना निराळे सांगायला नको. सुखात्म्यांनीही दिल्लीत आकडेवाल्यांना शिकविण्याचे आणि त्यांच्या परीक्षांचे मोठे केंद्र उभारले आणि १९५१ साली ते रोमला जागतिक अन्न संघटनेत गेले. त्यांच्या जागेवर पानसे आले. शेतकी खात्यातल्या कार्यकर्त्यांसाठी या दोघांनी लिहिलेले १९५४ चे पुस्तक पिढ्यानपिढ्या क्रमिक ग्रंथासारखे वापरले गेले.

स्वातंत्र्यानंतरचा महालनोबिसांचा काळ सर्वश्रुत आहे, तेव्हा तो भराभर सांगतो. १९४५ साली ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. १९४९ मध्ये केंद्र सरकारचे मानद सल्लागार झाले आणि त्याच वर्षी नेमलेल्या राष्ट्रीय उत्पन्न समितीचे अध्यक्ष. तिथे त्यांच्या बरोबर आपले धनंजयराव गाडगीळ होते. १९५० साली राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली. पहिल्या फेरीत अठराशेच्या वर खेडी निवडली गेली. प्रत्येक मुलखाची भाषा वेगळी, शेर-पायली-बिघ्याची मापे वेगळी, आणि त्यांतून सगळ्या देशाचे एक चित्र काढावयाचे. या सबंध उद्योगामागे चिंतामणराव देशमुखांचा हात होता. मेघदूताचे मराठी रूपांतर करणारा हा अर्थमंत्री १९४५ पासून १९६४ पर्यंत इन्स्टिट्यूटचा अध्यक्ष होता, हे पुष्कळांना माहीत नसते. १९५६ सालच्या दुसऱ्या पंचवार्षिक योजनेचा आराखडा महालनोबिसांचा. पोलाद आणि यंत्रे आधी, बाकी मागाहून, हे त्याचे सूत्र. त्यावर तज्ज्ञांनी पुष्कळ लिहिले आहे, पुष्कळ टीकाही केली आहे. माझा तो विषय नव्हे.

त्यांचा स्वभाव मात्र एकतंत्री होता हे त्यांचे चाहतेही नाकारीत नाहीत. इन्स्टिट्यूटमध्ये त्यांना सगळे नुसते प्रोफेसर म्हणत, आणि प्रोफेसर म्हणतील ती पूर्व. जगातले नामांकित शास्त्रज्ञ बरानगरच्या त्यांच्या आम्रपाली या घरी येऊन राहत, जे. बी. एस. हॉल्डेन तर १९५७ साली इन्स्टिट्यूटमध्ये कायमचे म्हणून आले आणि चार वर्षांत बिनसून निघून गेले. घराणे चालविणाऱ्या उस्तादाचे गुण-दोष ते हेच. आमच्या धंद्यात असली माणसे पुष्कळ पाहिली आहेत. ती दुसऱ्याचा सूर सहन करीत नाहीत, पण घडवायला बसली म्हणजे रात्र-रात्र बसतात.

१९५९ साली संसदेने कायदा करून इन्स्टिट्यूटला राष्ट्रीय महत्त्वाची संस्था ठरविले आणि स्वतःच्या पदव्या देण्याचा अधिकार दिला. १९६० पासून संख्याशास्त्राची स्नातक आणि निष्णात पदवी तिथे मिळू लागली. कॉलेजाच्या खोलीच्या कोपऱ्यातून निघालेल्या संस्थेला विद्यापीठाच्या पंक्तीत बसायला अठ्ठावीस वर्षे लागली. १९६१ साली सरकारने भारतीय सांख्यिकी सेवा निर्माण केली, म्हणजे आकडेवाल्यांना कलेक्टर-कमिशनरांसारखी स्वतःची सनदी नोकरी मिळाली.

तरीही एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. वकिलाला सनदेवाचून कोर्टात उभे राहता येत नाही. हिशेबतपासनिसाला १९४९ च्या कायद्याने शिक्का लागतो. संख्याशास्त्रज्ञाला तसे कायद्याचे बंधन आपल्याकडे नाही. पदव्या आहेत, सेवा आहे, पण त्या नसलेल्यालाही आकडे मांडून स्वतःला संख्याशास्त्रज्ञ म्हणविता येते. बाहेरच्या देशांतही हा प्रश्न उशिराच सुटला, आणि तोही ऐच्छिक शिक्क्याने. लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीने सनदी संख्याशास्त्रज्ञ हा किताब १९९३ पासून दिला. अमेरिकेतल्या संस्थेने असाच शिक्का २०१० च्या सुमारास काढला. नुसती पदवी पाहून तो मिळत नाही. केलेले काम दाखवावे लागते, आणि अमेरिकेत तर ठराविक वर्षांनी त्याचे नूतनीकरण करावे लागते. जन्मभराचे पास होणे तिथे नाही. महालनोबिसांच्या दोन टोळ्यांची आठवण व्हावी असे हे आहे.

२८ जून १९७२ रोजी कलकत्त्यात त्यांचे निधन झाले. दुसऱ्या दिवशी त्यांना ७९ वर्षे पूर्ण व्हायची होती. विद्यापीठाच्या त्या १९४१ सालच्या पहिल्या तुकडीत कल्याणपुडी राधाकृष्ण राव नावाचा एक तेलुगू तरुण होता. गणितातली पदवी हातात, युद्धाचे दिवस, नोकरी कुठे लागेना, म्हणून तो कलकत्त्यास आला होता, आणि कोणाकडून तरी इन्स्टिट्यूटचे नाव कळताच तिथे शिकायला राहिला. १९४६ साली महालनोबिसांनी त्याला केंब्रिजला धाडले. सुदानमध्ये उकरून काढलेले जुने सांगाडे तिथे मोजायचे होते, आणि त्यांना लावायचे होते ते महालनोबिस-अंतरच. ज्या किंग्ज कॉलेजने गुरूला भुलविले, तिथेच शिष्य फिशरांच्या हाताखाली डॉक्टर झाला. हे राव २२ ऑगस्ट २०२३ रोजी १०२ वर्षांचे होऊन निवर्तले. त्याच वर्षी त्यांना संख्याशास्त्रातले जागतिक पारितोषिक मिळाले होते.